थ्री-नॉट-थ्री ओळखताना या चुका टाळा

जुनी लष्करी रायफल समोर आली की पहिला प्रश्न ठरलेला: "नंबर काय?" मग तो नंबर इंटरनेटवर शोधायचा आणि साल सापडलं नाही की बंदूक बनावट ठरवून मोकळं व्हायचं. आपल्याकडे ही रायफल सहसा थ्री-नॉट-थ्री, म्हणजे .३०३ इंची गोळीची ली-एनफील्ड असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत पोलिसांच्या हातात हीच होती. तिचा नंबर मात्र सगळ्यात शेवटी वाचायचा.

त्याआधी नळी मोकळ्या दिशेला धरा, मॅगझीन काढा, बोल्ट (दांडीने मागे सरकणारा भाग) उघडून आत गोळी नाही ना ते पाहा. हे जमत नसेल तर हात न लावता जाणकाराला बोलवा.

नंबर फसवतो, कारण प्रत्येक कारखान्याची मालिका वेगळी. इंग्लंडमधल्या एनफील्डच्या कारखान्यात आकडा ९९९९ पर्यंत जायचा, मग पुढे अक्षर लावून पुन्हा पहिल्यापासून. तोच नंबर बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीच्या किंवा कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्याच्या रायफलीवरही असू शकतो. कारखाना आणि साल माहीत नसेल तर नंबर म्हणजे गावाचं नाव नसलेला पत्ता.

सुरुवात करायची ती बोल्टच्या दांडीखाली, दस्ता जिथे धातूत बसतो त्या पट्ट्याच्या उजव्या बाजूला. तिथे मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, साल आणि मॉडेल ठोकलेलं असतं. 'जी.आर.' म्हणजे राजा जॉर्ज. पुढे 'आय' असेल तर सम्राटसुद्धा, आणि ही खूण इशापूरकडे बोट दाखवते. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. रोमन तीनपुढे तारा असेल तर पहिल्या महायुद्धात उत्पादन उरकावं म्हणून सोपं केलेलं मॉडेल.

बनावट मालही इथेच उघडा पडतो. आजच्या पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेल आणि खैबरच्या परिसरातले कारागीर हातोडी-कानशीवर हुबेहूब रायफली घडवायचे, पण इंग्रजी अक्षरांशी त्यांचं जमायचं नाही. 'एनफील्ड'मधला एन उलटा, स्पेलिंग चुकलेलं, किंवा १९०७ च्या सालावर व्हिक्टोरियाची 'व्ही.आर.' अक्षरं. राणी १९०१ च्या जानेवारीतच वारली होती! कारागिरी म्हणून मला या रायफली आवडतात, पण किंमत मोजताना अस्सल समजू नका.

याच्या उलट चूकही तितकीच होते. बोल्ट, नळी आणि पुढच्या टोपीवरचे नंबर जुळले नाहीत की लोक 'जुळवाजुळवीची' म्हणून नाक मुरडतात. लष्करी रायफल वर्षानुवर्षं वापरात असते, नळ्या झिजतात, बोल्ट बदलतात. नळीवर वेगळं साल असू शकतं. 'एफ.टी.आर.' आणि साल दिसलं तर तेव्हा कारखान्यात तिची पूर्ण दुरुस्ती झाली, असं समजा. लाकडातून आरपार गेलेला आडवा स्क्रूही कुणी घरी ठोकलेला नसतो. ती इशापूरची मजबुती. पुढच्या लाकडाला तारेचे वेढे असतील तर ती बहुधा ग्रेनेड फेकण्यासाठी राखलेली.

घराण्याच्या कथांशीही हे शिक्के ताडून पाहा. पणजोबा पहिल्या महायुद्धात ११० व्या मराठा पलटणीतून इराकमधल्या कुतच्या वेढ्यात होते हे खरं असेल, पण कुत पडलं ते २९ एप्रिल १९१६ ला. १९१७ चा शिक्का असलेली रायफल तिथे असणार कशी? दस्त्यावरच्या पितळी चकतीवरून पलटण ठरवू नका. ती एका स्क्रूवर बसते, कुणीही बदलतं.

शिक्के दिसत नाहीत म्हणून पॉलिश पेपर घासणं हा मात्र अक्षम्य प्रकार. हलकं तेल, मऊ ब्रश, बाजूने तिरका टॉर्च, आणि अक्षरांत थोडी टाल्कम पावडर भरली की फोटोत स्वच्छ उमटतं.

शेवटची गोष्ट गोळीची. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने याच बांध्याची २ए आणि २ए१ बनवली, पण ती ७.६२ मिलिमीटरची. मॅगझीन चौकोनी दिसलं आणि पट्ट्यावर '७.६२' असेल तर ती थ्री-नॉट-थ्री नव्हे, दोन्हींच्या गोळ्या वेगळ्या. चालवून पाहायचा विचारही नको. चालण्याजोगी रायफल निव्वळ शोभेची म्हणून भिंतीवर टांगली तरी शस्त्र अधिनियम १९५९ मधून आपोआप सुटत नाही. परवान्याचा कागद सापडत नसेल तर आधी पोलीस ठाण्यात कळवा.