न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात तेव्हा: या चुका टाळा

फौजदारी खटल्यात आरोपी वर्षानुवर्षे तारखांना येतो, पुकारा झाला की उभा राहतो आणि पुढची तारीख घेऊन घरी जातो. सरकारी पक्षाचे साक्षीदार संपले की मात्र न्यायाधीश त्याच्याशीच बोलतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 313 वरून वकील मंडळी याला अजूनही ‘तीनशे तेराचा जबाब’ म्हणतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम 351 मध्ये आहे. सर्वांत जास्त नुकसान मी इथेच होताना पाहिलं आहे.

साक्षीदार सांगतो, ‘घटनेच्या पहाटे आरोपी मोटारसायकलवरून त्या रस्त्याने गेला.’ न्यायाधीश विचारतात, यावर तुमचं काय म्हणणं? आरोपी म्हणतो, ‘खोटं आहे.’ पुढच्या प्रश्नालाही तेच, शेवटपर्यंत तेच. खरं तर तो रोज पहाटे त्याच रस्त्याने डेअरीला दूध घालायला जातो. वकिलांनी उलटतपासात तसं साक्षीदाराला सुचवलेलंही असतं. म्हणजे वकील म्हणतात ‘गेला, पण दुधासाठी’ आणि आरोपी म्हणतो ‘गेलोच नाही’. आपलाच बचाव आपणच खोडला! ‘हो, गेलो होतो, कारण रोज जातो’ एवढं सांगितलं असतं आणि डेअरीची नोंद हजर केली असती, तर त्या साक्षीतला दम निघून गेला असता. म्हणून जबाबाच्या तारखेआधी वकिलांसोबत बसा, सगळ्या साक्षी वाचून घ्या. तोंडी सांगणं जमत नसेल तर न्यायालयाच्या परवानगीने लेखी म्हणणं देता येतं.

हा जबाब शपथेवर नसतो. उत्तर दिलं नाही किंवा खोटं दिलं म्हणून शिक्षा होत नाही. गप्प राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 20(3) मध्ये आहे. पण दिलेलं उत्तर त्या खटल्यात विचारात घेतलं जातं, म्हणून रचलेली गोष्ट सांगू नका. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खोटा खुलासा पुराव्याच्या साखळीतली तुटलेली कडी जोडू शकत नाही. साखळी आधीच पूर्ण असेल, तर मात्र तो आरोपीविरुद्ध जादा कडी ठरतो.

दुसरी चूक बरीच आधी होते, दोषारोप वाचून ‘गुन्हा कबूल आहे का?’ असं विचारतात तेव्हा. ‘दंड भरून मोकळे होऊ’ म्हणून लोक मान डोलावतात. ती दोषसिद्धी असते, सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती समोर येते. अशा कबुलीनंतर अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच उरतं. वकिलांशी बोलल्याशिवाय ‘कबूल’ म्हणू नका.

तारखेला येणं अशक्य असेल तर वकिलांमार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी द्या, नाहीतर वॉरंट निघतं आणि जामीनदारही अडचणीत येतो.

वकील परवडत नाही म्हणून एकट्याने उभं राहू नका. कोठडीतली व्यक्ती, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन करा किंवा तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा.

आणि जबाबावर सही करण्याआधी तो वाचून दाखवायला सांगा. उत्तर चुकीचं उतरलं असेल तर तिथेच सांगा. खुलासा करण्याचा, भर घालण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे.