फिश टँकचा डुलणारा स्टँड, आता एकदम घट्ट

आमचा टँक ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरला तर साधारण १९० लिटर पाणी, लिटरला किलो धरा, वर काच, वाळू, दगड, सव्वादोनशे किलोच्या पुढे सहज जातं. जुना अँगलचा स्टँड वजन पेलत होता पण जरा धक्का लागला की डुलायचा, पाणी हिंदकळायचं आणि मासे बिचारे कोपऱ्यात.

खरी गोम या आडव्या डुलण्यातच आहे. पाय कितीही जाड घ्या, चौकोन तिरपा होतो, त्रिकोण मात्र तिरपा होत नाही. म्हणून घरीच माप काढून दीड इंची चौकोनी पाइपची फ्रेम वेल्ड करून घेतली, मागे आणि दोन्ही बाजूंना तिरपे सपोर्ट मारले, पुढून मोकळी, कारण खाली फिल्टर ठेवायचाय. मग गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात, त्यावर ऑइल पेंट, सांध्यांवर जरा जास्तच.

वर १९ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय आणि थर्माकोल शीट. थर्माकोल वगळू नका हां, प्लायवर वाळूचा एक खडा जरी राहिला तरी तेवढ्याच जागी दाब येऊन तळाची काच तडकू शकते. पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या सारून लेव्हल केली, टँक अर्धा भरून थांबलो, पाण्याची रेघ दोन्ही टोकांना सारखी दिसली तेव्हाच पुढे भरला. आता शेजारून मुलं पळाली तरी पाणी हलत नाही.