वारा पडला की सरकला?

आमच्या देवगडात भर आषाढात उघडीप झाली की बाबा झापांनी शाकारलेल्या होडीपाशी उभे राहून म्हणतात, "वारो पडलो गो." पण बऱ्याचदा तो पडलेला नसतो, सरकलेला असतो. सोमालियाकडून अरबी समुद्र ओलांडून येणारा हा खालच्या थरातला जेट, म्हणजे वेगवान वाऱ्याचा झोत, साधारण दीड किलोमीटर उंचीवरून वाहतो. पावसाचा जोर असताना तो १२.५ ते १७.५ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान द्वीपकल्पात शिरतो. खंड पडला की द्वीपकल्पाला दक्षिणेकडून वळसा घालून निघून जातो. म्हणून जोर आणि जागा वेगवेगळ्या मोजायच्या.

ईआरए५ ही युरोपीय हवामान केंद्राची १९४० पासूनची जगभरच्या हवामानाची माहिती फुकट मिळते. त्यातला जून ते सप्टेंबरचा, ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचा, म्हणजे त्याच दीड किलोमीटर उंचीवरचा, पश्चिम-पूर्व वारा घ्या. ६५ ते ७३ पूर्व रेखांशांची सरासरी काढली की रोजची एकच रांग उरते: विषुववृत्तापासून २५ उत्तरेपर्यंत, दर पाव अंशाला एक आकडा. त्यातला सर्वांत मोठा आकडा आणि त्याचा अक्षांश टिपून ठेवा.

महिन्याची सरासरी आधी काढून मग शिखर शोधू नका. समजा झोत पाच दिवस १६ अंशांवर आणि पाच दिवस ८ अंशांवर होता, दोन्हीकडे वेग सेकंदाला २० मीटर. सरासरीत २० कुठेच दिसणार नाही. दिसेल तो पसरट, मवाळ वारा, जो त्या दहा दिवसांत एकदाही वाहिला नव्हता. याच चुकीपायी मी एक अख्खा पावसाळा "जेट मंदावला" असं लिहून ठेवलं होतं.

मग प्रत्येक रांगेतून त्या तारखेची अनेक वर्षांची सरासरी वजा करा, नाहीतर जूनची चढण आणि सप्टेंबरची उतरणच सगळा बदल व्यापेल. उरलेल्याचं मुख्य घटक विश्लेषण करा, म्हणजे रोजच्या बदलांत सर्वांत मोठा वाटा असलेले आकार वेगळे काढा. हवामानवाले त्याला ईओएफ म्हणतात. अशा आकारात झोताच्या मध्याच्या एका अंगाला अधिक, दुसऱ्या अंगाला उणे आलं तर ते सरकणं. मध्यावरच उंचवटा आला तर तो जोर. अधिक-उणे म्हणजे दोन वारे नव्हेत. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा सरकला की एकीकडे उथळ, दुसरीकडे खोल होतं, तसंच हे.

आणि एका पावसाळ्याचे १२२ दिवस म्हणजे १२२ पुरावे नव्हेत. आजचा वारा बहुतेक कालच्यासारखाच असतो. आठ दिवसांचा खंड हा एकच पुरावा धरा. निदान तीस-चाळीस पावसाळे हवेतच.

ईआरए५ साधारण पाच दिवस मागे असतं. तोवर बाबा रोज विचारतात, "मगे, खंय गेल्लो वारो?"