समुद्रघोडे आणि पाइपफिश घरी आणण्याआधी

काच, पंप, दिवे यांच्याआधी कागद. समुद्रघोडे आणि पाइपफिश (त्यांचे नळीसारखे लांब भाऊबंद) यांचं अख्खं कुळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. रीफ म्हणजे प्रवाळभिंत बांधणारी प्रवाळं आणि समुद्रपंखे (पंख्याच्या आकाराची प्रवाळं) हेही त्याच वर्षी त्यात आले. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर पकडलेला जीव कुणी पिशवीत धरून दाखवला तर भावसुद्धा विचारू नका. परदेशात टाकीतच जन्मलेला, आयातीचे कागद असलेला आणि वन विभागाकडे रीतसर नोंदवता येईल असाच घ्यायचा. कागद मागितल्यावर दुकानदार विषय बदलू लागला तर दुकान बदला. प्रवाळांनाही हाच नियम. टाकीत जन्मलेला घोडा सहसा गोठवलेलं खायला शिकलेला असतो, हा वरचा फायदा.

मग चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र. मुंबईत हा शौक खरा इथे अडतो. समुद्रघोड्यांना पाणी २२ ते २४ अंश लागतं, आणि मे महिन्यात बंद खोलीतली टाकी सहज तिशी गाठते. ऊब वाढली की व्हिब्रिओ जिवाणू फोफावतात आणि शेपटीला, तोंडाला जखमा होतात. पाण्यावर पंखा सोडायची युक्ती कोरड्या हवेत चालते. आपल्या दमट हवेत बाष्पीभवन होतंच कितीसं? चिलर पाण्यातली उष्णता खोलीत ओततो, म्हणून त्याची जागा खिडकीशी. वन बीएचकेच्या हॉलमध्ये कोपऱ्यात कोंबलात तर चिलर दिवसभर धापा टाकेल आणि घरचे तुमच्यावर वैतागतील.

टाकी लांबीपेक्षा उंचीला महत्त्व देऊन घ्या, निदान ४५ सेंटीमीटर; जोडी प्रणयात पाण्यात उभी वर चढते. दोनशे लिटरच्या टाकीत पाण्याचंच वजन दोनशे किलो, त्यात काच, दगड, स्टँड. जुन्या इमारतीत इंजिनिअरला विचारून, भिंतीलगत ठेवा. आरओचं पाणी आणि सागरी टाकीसाठी मिळणारं रीफचं मीठ वापरा, गिरगावच्या समुद्राचं पाणी नको. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन टिकेपर्यंत जीव आणायचा नाही. पंपाच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर शेपूट आत ओढली जाते. शेपटी गुंडाळायला कृत्रिम फांद्या किंवा कॉलर्पा हे समुद्रशेवाळ चालेल. ॲनिमोन आणि टॉर्च, हॅमरसारखी डंख मारणारी प्रवाळं नकोत. क्लाउनफिश, डॅमसेल, टँगही नकोत. घोडा घास न्याहाळत असतो तोवर ते ताट साफ करतात.

सगळ्यात जास्त विचार खाण्याचा करा. या माशांना दात नाहीत, जठर नाही. सोंडेनं ओढलेलं अन्न भराभर पुढे सरकतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं द्यावं लागतं. घोड्यांना गोठवलेला मायसिस, म्हणजे कोळंबीसारखा बारीक जीव. त्यासाठी फ्रीजरमधला एक डबा राखून ठेवा, आणि घर शाकाहारी असेल तर ही बोलणी आधीच उरका. पाइपफिशचं तोंड आणखी बारीक. अनेकांना सुरुवातीला जिवंत कोपेपॉड किंवा ताजा उबवलेला आर्टेमिया (दोन्ही कवचधारी सूक्ष्म जीव) हाच लागतो, तेव्हा कोपेपॉडची पैदास मासे येण्याच्या काही महिने आधी सुरू झालेली हवी. गणपतीला आठ दिवस कोकणात जाणार असाल तर रोज दोनदा घरी येऊन मायसिस घालणारा आणि उरलेलं काढणारा माणूस आत्ताच ठरवा. ऑटोमॅटिक फीडर इथे कामाचा नाही. माणूस मिळत नसेल, तर खरेदी गणपतीनंतर.