फोटॉनिक्समधील विद्यावेतनासह पीएच.डी. : अर्ज करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मुलामुलींना प्रवेश म्हटला की सीईटीची रँक, ऑप्शन एन्ट्री आणि पहिली-दुसरी फेरी एवढेच आठवते, कारण पीयूसीनंतर ते याच वाटेने अभियांत्रिकीला गेलेले असतात. फोटॉनिक्स (प्रकाशावर आधारित तंत्रज्ञान) आणि इलेक्ट्रॉनिक्समधील विद्यावेतनासह मिळणारी पीएच.डी.ची जागा मात्र केवळ रँकवर वाटली जात नाही. ती एका ठरावीक प्रयोगशाळेत, ठरावीक प्रश्नावर काही वर्षे काम करण्यासाठी असते आणि तिच्यामागचा पैसा कोणीतरी विशिष्ट अटींवर दिलेला असतो. हा फरक ध्यानात न घेता केलेले अर्ज, गुण उत्तम असूनही, पहिल्याच छाननीत बाजूला पडतात आणि याचे फार वाईट वाटते.

पैसा कोणाचा आणि कोणत्या अटीवर

पहिली चूक म्हणजे पीएच.डी.ची नोंदणी आणि विद्यावेतन या दोन गोष्टी एकच समजणे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या बेळगावातच असल्यामुळे जवळच्या महाविद्यालयातील संशोधन केंद्रात नोंदणी करण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. तो चुकीचा नाही, पण नोंदणी झाली म्हणजे दरमहा पैसे मिळतीलच असे नाही, हे आधी विचारून घ्यावे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. एम.टेक. व पीएच.डी. प्रवेशासाठी चालणाऱ्या गेट परीक्षेचा स्कोअर निकालापासून तीन वर्षे चालतो, त्यामुळे अंतिम वर्षाला दिलेली परीक्षा एका वर्षी जागा न मिळाल्यास वाया जात नाही.

देशातच आणखी एक गफलत होते. इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी फक्त इलेक्ट्रॉनिक्स विभागाची जाहिरात पाहतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मात्र प्रकाशाशी संबंधित काम नॅनो विज्ञान केंद्र, उपकरणशास्त्र व उपयोजित भौतिकी, विद्युत संचार अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्र अशा वेगवेगळ्या विभागांत विखुरलेले आहे. गेटचा कोणता पेपर चालतो आणि नुसत्या बी.ई.वर अर्ज करता येतो की नाही, हे विभागवार पाहावे लागते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जेस्ट ही पीएच.डी. प्रवेशासाठीची परीक्षाही विसरू नये.

युरोपात गणित वेगळे आहे. तिथे बहुतेक ठिकाणी एम.टेक. किंवा एम.एस्सी. असल्याशिवाय अर्ज विचारातच घेतला जात नाही, त्यामुळे केवळ बी.ई.वर जर्मनी किंवा डेन्मार्कला पाठवलेले अर्ज म्हणजे वाया घालवलेले श्रम. जर्मनीत ही जागा बहुधा नोकरीच्या कराराची असते. जाहिरातीत ‘टीव्ही-एल ई१३’ या सरकारी वेतनश्रेणीपुढे लिहिलेली टक्केवारी काळजीपूर्वक वाचावी, कारण अर्धी जागा आणि पूर्ण जागा यांच्या पगारात मोठा फरक पडतो. युरोपीय संघाच्या निधीवर चालणाऱ्या, अनेक देशांतील संस्थांच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये नागरिकत्वाची अट नाही, पण नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिलेला उमेदवार अपात्र ठरतो. म्हणजे जर्मनीत नुकतेच एम.एस. केलेल्या मुलीने त्याच नेटवर्कमधील नेदरलँड्सची जागा पाहावी, जर्मनीतली नव्हे.

ब्रिटनमध्ये ‘पूर्ण निधी’ हे शब्द वाचून हुरळून जाऊ नये. ती रक्कम स्थानिक विद्यार्थ्याच्या शुल्काइतकीच आहे की परदेशी विद्यार्थ्याचे शुल्कही भरते, हे लेखी विचारावे. यूकेआरआय या ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधी संस्थेच्या विद्यावेतनाचा किमान दर २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड होता. या निधीवरील जागांत परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपुरते मर्यादित ठेवले जाते, म्हणून अंतिम तारखेची वाट न पाहता लवकर अर्ज करणे हिताचे ठरते.

मार्गदर्शकाला लिहिलेले पत्र

सर्वांत जास्त नुकसान इथे होते. एकच मजकूर चाळीस प्राध्यापकांना पाठवला जातो. त्यात ‘आपल्या संशोधनात मला तीव्र रस आहे’ असे असते आणि ते संशोधन कोणते याचा उल्लेखच नसतो. असे पत्र वाचणाऱ्याला पहिल्या दोन ओळींतच कळते. त्याऐवजी आपण हाताने केलेले काम आकड्यांसह सांगावे. उदाहरणार्थ, वेव्हगाइड (प्रकाश वाहून नेणारा सूक्ष्म मार्ग) आणि रिंग रेझोनेटर (त्याच मार्गाचे बंद वर्तुळ) यांवर काम केलेल्याने असे लिहावे : ‘मी २२० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन थरावरील ४५० नॅनोमीटर रुंद वेव्हगाइडचे सिम्युलेशन केले, वळणाची त्रिज्या कमी करत गेल्यावर प्रकाशाचा तोटा कुठे झपाट्याने वाढतो ते पाहिले, आपल्या गटाच्या अलीकडच्या निबंधातील रिंग रेझोनेटरमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे, त्याविषयी मला एक शंका आहे.’ एवढे तीन-चार वाक्यांचे पत्र, सोबत दोन पानी बायोडाटा आणि गुणपत्रिका, पुरेसे होते. दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास एकदा नम्रपणे आठवण करावी आणि मग पुढच्या गटाकडे वळावे.

शिफारसपत्रांचेही तसेच आहे. विभागप्रमुखांचे पद मोठे म्हणून त्यांचे पत्र घेण्यापेक्षा ज्या सरांनी किंवा मॅडमनी प्रकल्प प्रत्यक्ष पाहिला त्यांचे पत्र घ्यावे, आणि ते महाविद्यालयाच्या अधिकृत ई-मेलवरून जाईल याची खात्री करावी.

मुलाखत

अंतिम वर्षाचा प्रकल्प विकत आणण्याची जी रीत पडली आहे तिचे खरे मोल मुलाखतीत मोजावे लागते. परीक्षक सूत्र पाठ आहे का हे पाहत नाहीत. १५५० नॅनोमीटरवर सिलिकॉनचा डिटेक्टर (प्रकाश टिपणारे उपकरण) का चालत नाही, असा साधा प्रश्न येतो. त्या तरंगलांबीच्या फोटॉनची ऊर्जा १२४० भागिले १५५०, म्हणजे ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, सिलिकॉनचा बँडगॅप (प्रकाश शोषला जाण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणून प्रकाश शोषलाच जात नाही, नेमक्या याच कारणाने सिलिकॉनचा वेव्हगाइड चालतो आणि डिटेक्टरसाठी जर्मेनियम लागते. एवढे फळ्यावर आकृती काढून सांगता आले की मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाच्या इंग्रजीतील अडखळण्याकडे कोणी लक्ष देत नाही. फायबरमध्ये किलोमीटरला ०.२ डेसिबल तोटा असेल तर ५० किलोमीटरनंतर किती प्रकाश उरतो, हेही तोंडी काढता यावे : १० डेसिबल, म्हणजे दहावा हिस्सा.

कागदपत्रे

सीमाभागात ही अडचण नेहमीची आहे. एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर ‘पाटील एस. एम.’, पदवीवर पूर्ण नाव आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, अशी तीन रूपे झाली की प्रत्येक कार्यालय प्रतिज्ञापत्र मागते. बेळगाव शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलल्यामुळे जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर ठिकाणाचे स्पेलिंगही वेगळे असू शकते. ही दुरुस्ती अर्जाच्या आधीच्या उन्हाळ्यात उरकावी. राज्याच्या टू-ए किंवा थ्री-बी या मागासवर्गीय प्रवर्गाचा दाखला केंद्रीय संस्थांत आपोआप चालत नाही. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते पाहून केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला तहसीलदारांकडून घ्यावा. सीजीपीएची टक्केवारी काढताना आपण विद्यापीठाच्या ज्या स्कीममध्ये (अभ्यासक्रमाच्या आराखड्यात) शिकलो तिचेच सूत्र वापरावे, मित्राचे नव्हे.

ब्रिटनची ऑफर हाती आल्यावरही दोन गोष्टी उरतात. या विषयांसाठी भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाआधी, संवेदनशील तांत्रिक विषयांसाठी ब्रिटिश सरकार देते ती अ‍ॅटास मंजुरी लागते. ती मोफत आहे, पण कित्येक आठवडे घेते, म्हणून ऑफर मिळाल्याच्याच आठवड्यात अर्ज करावा. दुसरी म्हणजे विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड असलेला आरोग्य अधिभार, जो संपूर्ण मुदतीसाठी व्हिसाच्या अर्जासोबतच एकरकमी भरावा लागतो. विद्यावेतनाचा पहिला हप्ता तिथे पोहोचल्यावर मिळतो, त्यामुळे ही रक्कम विद्यापीठ देणार की घरून उभी करायची, हे ऑफर स्वीकारण्यापूर्वीच ई-मेलने विचारून घ्यावे.