स्केच देखणं, पण ड्रेस फसला? या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शिवणखोलीत मास्तरांनी माझं स्केच टेबलावर पसरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "म्याडम, चित्र लई भारी हाय. पण कापायचं कुठनं?"

इरकल साडीचा लांब ड्रेस होता. खाली भरघोस अंब्रेला घेर, त्याच्या कडेला चार बोटं काठ, छान गोल वळवलेला. मास्तरांनी साडीचा काठ टेबलावर तसाच वळवून दाखवला, तर आतल्या बाजूला लगेच चुण्या. काठ विणतानाच सरळ असतो, गोल कापावर तो सपाट बसत नाही. हिशेबही चुकलेला. कंबर 30 इंच, कंबरेपासून उंची 40 इंच धरली, तर पूर्ण अंब्रेलाचा खालचा घेर साधारण 280 इंच, म्हणजे सात मीटरच्या वर. सहावारीचा एका बाजूचा काठ जेमतेम साडेपाच मीटर! शेवटी अंब्रेला सोडली. काठ खाली ठेवून साडी आडवी धरली, वरचा काठ कापून कंबरेला चुण्या घातल्या. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 45 इंचांच्या आसपास असल्याने उंची आरामात निघाली. इरकलीचा खास टोपे-तेनी विणीचा पदर आधीच बाजूला काढला होता, तो पाठीला लावला. खरं सांगायचं तर चित्रापेक्षा हेच बरं दिसलं.

तेव्हापासून स्केच काढायच्या आधी कोपऱ्यात कापडाचा पन्हा लिहिते आणि कापडाचा तुकडा टाचते. खणाला तर हे हवंच. पारंपरिक खणाचा पन्हा तीसएक इंच, म्हणजे घेरदार कुर्त्याला जोड येणारच. तो कुठे यावा ती रेघ तुम्हीच मारा. नाहीतर घाईत कुठेही जोड येतो आणि नेमकी छातीवरची बुट्टी अर्धी होते.

दुसरी चूक नऊ डोक्यांच्या बाईची. फॅशनच्या चित्रातली बाई साधारण नऊ डोकी उंच असते, खरी सात-साडेसात. जास्तीची उंची बहुतेक पायांत जाते. त्यामुळे कागदावर कुर्त्याखाली ऐटीत दिसणारी सलवार अंगावर वीतभरच उरते. ती बाई गिऱ्हाइकाला दाखवा. मास्तरांसाठी कपडा जमिनीवर पसरल्यासारखा सपाट काढा आणि आकडे लिहा. नुसतं 'उंची 42' पुरत नाही, खांद्याच्या कुठल्या टोकापासून तेही हवं. टक, कळ्यांचे (घेराच्या निमुळत्या पट्ट्यांचे) जोड, मुंढ्याची (बाही जोडतो त्या खाचेची) खोली, सगळं रेघेत दिसलं पाहिजे.

आणि पाठ काढा! मी एकदा बंद गळ्याचा ड्रेस फक्त समोरून काढला. चेन कुठे, हे लिहायचं राहिलं. ट्रायलला गिऱ्हाइकाचं डोकं गळ्यात अडकलं आणि पाठीची शिलाई उसवून तिला बाहेर काढावं लागलं. चेन 'डावीकडे' लिहिलीत तर घालणारीच्या डावीकडे, हेही स्पष्ट करा. समोरून पाहणाऱ्याची डावी बाजू म्हणजे तिची उजवी.

हल्ली सोलापुरी चादरीच्या जॅकेटची हौस आहे. चादर जाड, पण स्केचमध्ये ती मलमलीसारखी पडताना दिसते. दुमडलेली कॉलर, टक, झालर काढलीत तर चार-चार थर एकावर एक येऊन सुया मोडतील. कॉलर नको, जोड कमीत कमी, कडेला सुती कापडाचा गोट. चौकड्या आणि फुलं दोन्ही पुढच्या भागांवर समोरासमोर यायला हवी असतील, तर तसं चित्रात दाखवा. त्यासाठी कापड जास्त लागतं.

अस्तराचंही लिहा, आणि सुतीच लिहा. आपल्याकडच्या मे महिन्यात पॉलिस्टरचं अस्तर कोण घालणार?

शेवटी व्हॉट्सॲप. फोटो काढून पाठवताना कडा सुटू शकतात, आणि आकडे असतात नेमके कडेलाच. बदल केला की नव्या कागदावर तारीख घाला आणि जुना परत मागून घ्या. माझ्या एका ब्लाऊजची एक बाही सोमवारच्या स्केचप्रमाणे आहे, दुसरी गुरुवारच्या.