डेटा साठवणुकीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी: कपाटात ठेवलेली एसएसडी

पणजीतील एका कार्यालयात मी साठवणुकीचे काम हाती घेतले, तेव्हा एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क) आणि हार्ड डिस्क यांच्या वेगातील फरक मला पाठ होता. वीज नसताना ही साधने कशी वागतात, हे मात्र प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात कोणी शिकवले नव्हते. त्या कार्यालयात सर्व्हरमधून काढलेल्या जुन्या एसएसडी कपाटात ठेवल्या जात आणि त्यांवरच जुन्या नोंदींची सारी भिस्त असे. पुढे त्यांतील काही फाइली उघडेनात.

एसएसडीत माहिती सूक्ष्म पेशींत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपाने राहते. हा भार हळूहळू गळतो, उष्णतेत लवकर गळतो आणि सततच्या लेखनाने झिजलेल्या पेशीत तर फारच कमी टिकतो. क्यूएलसी प्रकारात एका पेशीत ४ बिट, म्हणजे भाराच्या १६ पातळ्या, ओळखाव्या लागतात. त्यामुळे थोडी गळतीही महागात पडते. लेखनमर्यादा संपलेल्या एसएसडीने विजेविना किती काळ माहिती राखावी, हे जेडेक या चिप-उद्योगाची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात दिलेले आहे: साध्या संगणकाच्या एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला १ वर्ष, तर सर्व्हरच्या एसएसडीने ४० अंशांना केवळ ३ महिने. सर्व्हरची एसएसडी अखंड चालू राहील असे गृहीत धरलेले असते, म्हणून तिची जास्त किंमत कपाटात उपयोगी पडत नाही. घाबरण्याचे कारण नाही. कमी वापरलेली एसएसडी याहून बराच काळ माहिती राखते. पण कपाटात जातात त्या झिजलेल्याच, आणि आपल्याकडील मे महिन्यात बंद खोली किती तापते हे गोव्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

दीर्घकाळासाठी मी एलटीओ टेपच (डेटा साठवण्याची, काडतुसात गुंडाळलेली चुंबकीय फीत) सुचवीन. एलटीओ-९, म्हणजे नवव्या पिढीच्या, एका काडतुसात १८ टेराबाइट मावतात आणि टिकून राहण्यासाठी तिला वीज लागत नाही. मात्र हवी ती फाइल शोधण्यासाठी टेप पुढेमागे फिरवावी लागते, आणि एलटीओ-९ चा ड्राइव्ह एलटीओ-७ ची टेप वाचत नाही, त्यामुळे जुना ड्राइव्ह मोडीत काढण्याआधी टेपा नव्या पिढीवर उतरवाव्यात. टेपेला कोरडी हवा लागते. आपल्या पावसाळ्यात त्या खोलीत आर्द्रता शोषणारे यंत्र हवेच.

रेडला, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी माहिती वाचावी म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या रचनेला, बॅकअप समजू नका. चुकून पुसलेली फाइल तिथे सर्व डिस्कवरून एकदमच जाते.

मार्गदर्शक निवडताना ज्याने बुडालेला डेटा स्वतः परत आणला आहे, अशाच माणसाकडे जा, आणि रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्षभरापूर्वीची एक फाइल बॅकअपमधून काढून तिचा चेकसम (फाइलीतील माहितीवरून काढलेली पडताळणीची संख्या) जुन्या नोंदीशी जुळतो का, ते त्याच्यासमोर तपासा.